मांजरीचं सातवं घर

प्रमोदिनीला पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की माळ्यावरची गादी श्वास घेत होती.

पाहुण्यांसाठी गुंडाळून ठेवलेली गादी. लग्नाला पाच महिने झाले होते आणि जिंतूरच्या त्या दोन भाड्याच्या खोल्यांत अजून एकही पाहुणा मुक्कामाला आलेला नव्हता. म्हणजे गादीला धाप लागायचं काही कारण नव्हतं. तरी ती फुगत होती, बसत होती, पुन्हा फुगत होती. प्रमोदिनी मिरच्यांचा डबा काढायला स्टुलावर चढली होती, ती डबा न घेताच खाली आली. (आधी स्टूल खाली आलं, मागून ती.)

आता हे सांगून टाकायला हवं की प्रमोदिनी दचकायची. कुकरच्या शिट्टीला सगळेच दचकतात. ही शिट्टी होणार या विचारानं अगोदरच दचकून घ्यायची आणि मग शिट्टी झाली की पुन्हा. परभणीच्या कॉलेजात मानसशास्त्र घेऊन बी. ए. झालेली मुलगी. भीती ही मनाची एक अवस्था आहे, यावर तिनं दहा मार्कांचं उत्तर तोंडपाठ केलं होतं. परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला, पण लिहायला घेतलं आणि पाठीमागून सुपरवायझर खोकले. दहा मार्क तिथंच गेले.

"अहो," ती खाली बसलेल्या नवऱ्याकडं वळून म्हणाली, "गादी श्वास घ्यायलीय."

बन्सीधर, म्हणजे तिचा नवरा, तहसील कचेरीत कारकून होता. रविवारी तो पेपर वाचायचा आणि पेपराच्या पलीकडं जे काही जग होतं ते सोमवारवर ढकलायचा.

"घेऊ दे," तो म्हणाला. "घरात कुणीतरी निवांत असावं."

तेवढ्यात गादीच्या वळकटीतून एक राखाडी तोंड बाहेर आलं. एक कान फाटका, मिशा एकाच बाजूला. त्या तोंडानं प्रमोदिनीवर असा काही फिस्कारा टाकला की ती बन्सीधरच्या पाठीमागं गेली आणि बन्सीधर पेपराच्या. मांजरीच्या पोटाशी चार पिलं होती. त्यातलं एक, मुठीएवढं, काळं, प्रमोदिनीकडं बघून दचकलं. त्याच क्षणी प्रमोदिनीही त्याच्याकडं बघून दचकली. दोघंही एकमेकांकडं पाहत राहिली. आजवर तिला बघून कुणी घाबरलं नव्हतं. हे आपल्यातलं आहे, असं तिला वाटून गेलं आणि सगळं इथून बिघडलं.

आरडाओरडा ऐकून घरमालक व्यंकटराव आले. चार एकर कापूस, दोन म्हशी आणि प्रत्येक गोष्टीवर एकच उपाय असलेला माणूस.

"पोत्यात घालतो आन् देवगाव फाट्यावर सोडून येतो," ते म्हणाले. "फाट्यावर सोडलेलं मांजर वापस येत न्हाई. चार रस्ते दिसले की त्याचं डोकं चालत न्हाई."

"काका, अहो एवढी लहान आहेत. फाट्यावर ट्रक असतात."

"मंग? जंगली जात हाय ही. हात लावा, बोट ऱ्हायलं तर सांगा."

व्यंकटरावांच्या मागून त्यांची बायको कस्तुराबाई आली आणि तिनं पदर खोचला. "सात घरं फिरल्याबिगर मांजरीच्या लेकराला कुनी हात लावायचा न्हाई. मेलंबिलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतंय."

"चांदीचं चालत न्हाई का?"

"मांजरीला इचारा."

व्यंकटरावांनी मांजरीकडं पाहिलं. मांजरीनं त्यांच्याकडं पाहिलं. विचारायचं त्यांनी टाळलं. मग ठरलं ते असं: सात घरं पुरी होईस्तोवर पोतं निघणार नाही. तोवर चारीच्या चारी पिलं माणसात आली, मांडीवर बसलेली व्यंकटरावांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, तर गल्लीत एकेकाच्या घरी उंदरांसाठी ठेवून घेऊ. नाही तर फाटा.

"मी आणते माणसात," प्रमोदिनी म्हणाली. (हे वाक्य आपण बोललो हे कळल्यावर ती जरा दचकली.)

कस्तुराबाईच्या हिशेबानं मांजर एका घरी आठ-दहा दिवस तरी राहते. सात घरं म्हणजे दोन महिने. दोन महिन्यांत वाघसुद्धा माणसाळवता आला असता. पण प्रमोदिनीला दम कुठला? ती दिवसातून सहा वेळा दूध-भाकरीची वाटी घेऊन माळ्याखाली उभी राहायची. मांजरीला अगं-तुगं करायची तिची छाती नव्हती. "अहो, ऐका ना," ती वर बघून म्हणायची, "अहो, या ना खाली. मी काही करत नाही हो." तिसऱ्या दिवशी मांजरीनं पिलं एकेक करून उचलली आणि व्यंकटरावांच्या भांड्यांच्या फळीवर नेली.

प्रमोदिनी वाटी घेऊन तिकडं. दुसऱ्याच दिवशी मांजर शेजारच्या शिंप्याच्या मशीनखाली. प्रमोदिनी तिकडं. मग पलीकडच्या मास्तरांच्या जुन्या पेटीत. शिंपी असो, मास्तर असो, ही दारात उभी राहून पदरानं घाम टिपत विचारायची, "आमची मांजर आलीय का हो?" आणि आत जाऊन पेटीपुढं बसून "अहो, या ना" सुरू करायची. वाचवायची तिची घाई एवढी, की आठवड्याचा मुक्काम मांजर एका दिवसात उरकायला लागली.

"तू बसू नकोस गं तिच्यामागं," बन्सीधर म्हणाला. "तू गेलीस की ती घर बदलती. आपल्या साहेबांची बदली पण एवढ्या लवकर होत नाही."

"मग काय करू?"

"काही करू नकोस."

पण काही न करणं तिला जमण्यासारखं नव्हतं. रात्रभर कूस बदलून सकाळी तिला कॉलेजातला प्रयोग आठवला: घंटा वाजवायची, खायला द्यायचं, पुढं नुसत्या घंटेला कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. तिनं देवघरातली घंटा घेतली. वाटी ठेवायची, घंटा वाजवायची. पहिल्या ठोक्यालाच चारी पिलं दिसेनाशी झाली. मात्र दोन्ही घरची भांडी घासणारी कडूबाई आली आणि तिनं प्रसादाला हात पुढं केला. प्रमोदिनीनं भाकरीचा काला तिच्या हातावर ठेवला. तीन दिवसांत घंटा वाजली की कडूबाई गल्लीच्या टोकावरून यायला लागली. मानसशास्त्र खोटं नव्हतं, चुकीच्या जागी लागू पडत होतं.

पाचवं घर विष्णुपंतांचं. विष्णुपंत गल्लीची लग्नं-मुंजी लावत, आणि मांजरीनं त्यांच्या पोथ्यांचं कपाट पसंत केलं होतं. सहावं कंपाउंडरचं. तिथून मांजर निघाली ती थेट व्यंकटरावांच्या गोठ्यात, आणि व्यंकटरावांनी पोतं झटकलं.

"झाली सात."

"गोठा घरात धरता येत नाही, काका," प्रमोदिनी म्हणाली. आवाज कापत होता, पण म्हणाली.

"कामून? माज्या म्हशी तितंच ऱ्हात्यात."

प्रकरण विष्णुपंतांकडं गेलं. पोथ्यांवर मांजरीचे केस असूनही त्यांनी निकाल सरळ दिला. "जिथं चूल, ते घर. गोठ्यात चूल आहे?"

"न्हाई."

"मग सहाच."

प्रमोदिनीला त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली. सकाळी उठून गोठ्यात जाते तर मांजर तिथं नव्हती. गोठ्याला लागून सरकीची खोली होती. म्हशींच्या सरकीची पोती छतापर्यंत रचलेली, वर हवेसाठी एक हातभर झरोका. आणि कोपऱ्यात, कस्तुराबाई बाळंतिणींसाठी पाणी तापवायची ती जुनी चूल.

"सात," व्यंकटराव म्हणाले.

औरंगाबादला कसलासा मोर्चा होता म्हणून त्या दिवशी एसट्या बंद होत्या. हा एक दिवस तेवढा फुकटचा मिळाला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दुपारी साडेचारला फाट्याकडची गाडी होती. तीन वाजता प्रमोदिनी वाटी घेऊन सरकीच्या खोलीत शिरली. दार तिनं आतून लोटून घेतलं, पिलं निसटू नयेत म्हणून.

दहा मिनिटांनी कडूबाई तिकडून गेली, तिला कडी निघालेली दिसली. "मांजरं शिरत्यात," ती स्वतःशीच म्हणाली आणि तिनं बाहेरून कडी घातली.

कडी पडल्याचा आवाज झाला आणि प्रमोदिनीचा आवाज गेला. अर्धवट अंधार. सरकीचा उग्र वास. कुठंतरी मागं मांजर गुरगुरत होती. ती खालच्या पोत्यावर पाय वर घेऊन बसली आणि तशीच राहिली. घंटा नाही, हाका नाही, वाटी पुढं करणं नाही. भीतीनं हातपाय असे आखडले होते की ती स्वतःच एक पोतं झाली होती. तेरा दिवसांत पहिल्यांदाच तिनं काही केलं नाही.

अर्धा तास गेला असेल. तिच्या अंगठ्याला काहीतरी ओलं लागलं. ती किंचाळलीच असती, पण घशातून काही निघेना. ते काळं पिलू होतं. त्यानं अंगठा हुंगला, साडीला नखं लावली, वर चढलं आणि मांडीत गोल होऊन बसलं. मग दुसरं. मग उरलेली दोन, एकमेकांना ढकलत. मांजर पोत्यावरून खाली बघत राहिली आणि बराच विचार करून पाय चाटायला लागली.

चारीच्या चारी. मांडीवर. आणि बघायला कुणी नाही.

आता प्रमोदिनीचा घसा मोकळा झाला, पण ओरडायची सोय नव्हती. जोरात बोललं की पिलं जाणार, आणि साडेचारला पोतं. तिनं हळूच, अगदी लाडीगोडीच्या सुरात हाक मारली. "अहो, ऐका ना. अहो, या ना इकडं. दार उघडा ना हो."

अंगणात कस्तुराबाई तूर पाखडत होती. "कोन बोलवायलंय गं, कडू?"

"वैनी."

"कुनाला?"

"मांजरीला. तेरा दिस झाले 'अहो, या ना' चाललंय."

"मांजरीला अहो-जाहो. आमी नवऱ्याला बी एवढं केलं न्हाई."

तेवढ्यात कचेरीतून बन्सीधर आला. आतून पुन्हा आलं, "अहो, या ना." त्यानं चपला काढता काढता कान दिला.

"साहेब, तुमाला तर बोलवायल्या न्हाईत?" कडूबाईनं विचारलं.

"छे. मला असती तर दोन हाकांत चिडली असती. एवढ्या गोडीत चाललंय म्हणजे मांजरच." आणि तो हातपाय धुवायला गेला.

प्रमोदिनीनं सगळं ऐकलं. रडू येत होतं, पण रडलं तरी मांडी हलते. पायाला मुंग्या आल्या होत्या. "अहो," ती म्हणत राहिली, "कुणीतरी या ना हो." गोठ्यातली म्हैस एकदा हुंकारली, तेवढंच.

सव्वाचारला व्यंकटराव पोतं काखेत मारून आले. दाराशी थांबले. आतली हाक त्यांनीही ऐकली, पण त्यांना बाकीच्यांसारखी फोड करत बसायची सवय नव्हती. त्यांनी कडी काढली, दार ढकललं आणि खणखणीत आवाजात उत्तर दिलं, "आलो, आलो. कोन हाय आत?"

तासभर जिची वाट पाहिली ती हाकेची ओ अशी कानाशी फुटल्यावर प्रमोदिनी जी उडाली ती पोत्यांच्या थप्पीवरून चढत थेट छताला टेकली आणि झरोक्याचा गज धरून बसली. मांजर घाबरून तिच्या शेजारीच.

पिलं खाली घरंगळली. इकडंतिकडं पाहिलं. एवढी मांडी उबदार असते हे त्यांना आजच कळलं होतं आणि ती मांडी तर वर निघून गेली होती. व्यंकटराव पोतं उघडायला खाली मांडी घालून बसले होते. काळं पिलू त्यांच्या धोतरावर चढलं. मागून तिन्ही. चारीही गोल होऊन बसली.

व्यंकटरावांनी बराच वेळ मांडीकडं पाहिलं. मग वर छताकडं. मग पोतं बाजूला सारून, पिलं हलू नयेत अशा बेतानं मान वळवून त्यांनी अंगणाकडं हाक दिली.

"बन्सीधरराव, या इकडं. चारीबी आली माणसात. वर दोन बसल्यात, त्यातली मोठी तेवढी तुमीच बोलवा. ती मला बघून फिस्कारायलीय."