लुक्क्यातले मामा

रविवारचं जेवण आटोपल्यावर नोर्माबाईंनी कॉफीचं भांडं नेहमीप्रमाणे मुलापुढे सरकवलं. लोरिसने त्याचे घट्ट आटे फिरवून ते नेहमीप्रमाणे उघडून दिलं.

"तुला त्या कॉम्प्युटरवरून खोली ठरवता येते ना रे?" त्या म्हणाल्या. "मला लुक्क्याला जायचंय. आठवडाभर."

लोरिसला मनापासून आनंद झाला. आई पंचाहत्तरीला आलेली, बाबा जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि ती मोदेना शहर सोडून कुठे जायचं नाव घेत नसे. त्याने मनातल्या मनात रजासुद्धा मंजूर करून घेतली. लुक्क्याची ती रुंद तटबंदी, तिच्यावरची झाडं, मधे आई, एका बाजूला आपण आणि दुसऱ्या बाजूला दोनाता.

"तिघांना एकच मोठी खोली घेऊ, की तुला वेगळी?"

"तुम्ही कशाला?" नोर्माबाई म्हणाल्या. "मी आणि ओरेस्ते जातोय. एकच खोली घे. पलंग मोठा हवा, आणि खिडकी तटाच्या बाजूला."

लोरिसची बायको दोनाता ताटल्या उचलून आत निघाली होती. ती ताटल्यांसकट परत खाली बसली. आता होणारं काही तिला चुकवायचं नव्हतं.

"कोण ओरेस्ते?" लोरिसने विचारलं.

"गुरुवारच्या नाचाला येतो तो. पूर्वी बस चालवायचा. तू पाहिलायस त्याला."

लोरिसने पाहिलं होतं. उंच बांधा, कडक इस्त्रीची विजार आणि विंचरलेल्या मिशा. मागे एका रविवारी लोरिस जरा लवकर आला, तेव्हा हा गृहस्थ आईच्या अंगणातून बाहेर पडत होता आणि त्याच्या भुवईला काहीतरी पांढरं लागलं होतं. म्हातारा तोंडाला पावडर लावतो, एवढंच लोरिसला तेव्हा वाटलं होतं. ती कुणासाठी लावतो, हे आज कळलं.

नोर्माबाईंनी पुढचं सगळं अगदी सरळपणे सांगितलं. लग्नानंतर लोरिसच्या बाबांनी त्यांना रिमिनीला नेलं होतं, पण बरोबर सासूबाई होत्या आणि त्यांची खाट मधे होती. तेव्हापासून मनात राहिलेली सहल आता करायची होती. लुक्क्याच्या तटावर भाड्याने दोन जणांची सायकल मिळते, ती चालवायची होती. सोमवारी निघायचं आणि पुढच्या सोमवारी परतायचं, असं ठरलं होतं.

"म्हणजे मधला रविवार?" लोरिसचा आवाज चिरकला.

"मधल्या रविवारी तुम्ही बाहेर जेवा."

इथे लोरिसची बाजूही समजून घ्यायला हवी. हा माणूस नगरपालिकेत जमिनीची मोजणी करत असे, केस पिकले होते, पण जन्मापासून एकही रविवार त्याने आईच्या हातच्या तालियातेल्लेशिवाय काढला नव्हता. अंड्यात मळलेलं पीठ, पातळ लाटलेली पोळी, तिच्या कापलेल्या पट्ट्या आणि वर तासन्‌तास शिजलेला मांसाचा रस्सा. शेवटची जरा रुंद पट्टी आई लहानपणापासून त्याच्या ताटलीत टाकत आली होती. गेल्या वर्षापासून तर ती पिठात किंचित जायफळ घालू लागली होती आणि चव वेगळ्याच उंचीवर गेली होती. पहिला घास घेऊन तो डोळे मिटून "आईचा हात," असं म्हणे. हे तो दर रविवारी दोनातासमोर म्हणे, आणि दोनाता काही बोलत नसे.

घरी जाताना गाडीत मात्र ती बोलली. "तुझा चेहरा बघ आरशात. लहान भाऊ झाल्यावर पोरं करतात तसा झालाय."

"मला तिची काळजी वाटते. या वयात फसवणारे फार असतात."

"तो काय लुबाडणार आहे तिचं? लाटणं?"

लोरिसने गाडीचा वेग वाढवला. त्याला काळजी मुळीच वाटत नव्हती. त्याच्या पोटात दुखत होतं, आणि ते कशामुळे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आजवर आईच्या आयुष्यात पहिला नंबर त्याचा होता. बाबा होते तेव्हाही त्याचाच होता.

रात्रभर तळमळून सकाळी तो कॉम्प्युटरपुढे बसला. तटाकडे खिडक्या असलेली सुंदर हॉटेलं होती. त्यातल्या मोठ्या पलंगांच्या फोटोंवर गुलाबाच्या पाकळ्या होत्या. ते बघून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मग त्याला नन्सच्या मठाची अतिथीशाळा सापडली. तटाच्या अगदी जवळ, स्वच्छ, आणि संध्याकाळी जेवण झालं की दार बंद. बायका वरच्या मजल्यावर, पुरुष खालच्या. दोन मजल्यांच्या मधे चॅपेल. इतकं सोयीस्कर देवघर लोरिसने आजवर पाहिलं नव्हतं.

त्याने फोन लावला. मठाच्या प्रमुख मदरनी विचारलं, दोघं नवरा-बायको आहेत का? तसं असेल तर एक जोडप्याची खोली रिकामी आहे.

लोरिस घाईने म्हणाला, "नाही, नाही. भाऊ-बहीण आहेत."

मदरनी नावं लिहून घेतली आणि आडनावं वेगळी कशी, असं सहज विचारलं. आता माघार घेता येईना. आई एक, वडील वेगळे, असं लोरिसने सांगून टाकलं. अशा रीतीने ज्या आजीने, म्हणजे नोर्माबाईंच्या आईने, ऐन तारुण्यात वैधव्य येऊनही दुसऱ्या पुरुषाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, तिचं नातवाने फोनवर दुसरं लग्न लावलं आणि तिच्या पदरात एक मिशीवाला मुलगा घातला.

नोर्माबाईंना त्याने सांगितलं की गर्दीच्या दिवसांत एवढंच मिळालं. त्या क्षणभर हिरमुसल्या, मग म्हणाल्या, "जाऊ दे, तू एवढी खटपट केलीस." लोरिसला जरा लाज वाटली. पण सोमवारी स्टेशनवर ओरेस्तेने आईची बॅग उचलली, तिने त्याच्या कोटाची कॉलर नीट केली, आणि ती लाज कुठल्या कुठे गेली.

बुधवारी आईचा फोन आला. आवाजावरून ती पंचवीस वर्षांची वाटत होती.

"अरे, काय झकास जागा शोधलीस. सकाळी घंटा झाली की आम्ही जिन्यात भेटतो, चोरून. शाळेत असल्यासारखं वाटतं. काल दार बंद व्हायच्या आत पोचायला आम्ही हात धरून पळालो. मी पळाले, लोरिस."

"पडशील कुठेतरी."

"ओरेस्ते आहे ना धरायला. आणि इथल्या बायका किती गोड. त्याला 'तुमचे बंधू' म्हणतात आणि मला 'तुमच्या भगिनी'. मठाची बोलायची रीत असते ना, सगळे देवाची लेकरं."

लोरिसने घाईने फोन ठेवला. ही रीत कुठून आली, ते त्याला एकट्यालाच माहीत होतं. पुढचे दिवस त्याने ऑफिसात लोकांच्या जमिनी चुकीच्या मोजल्या. तट, सायकल, जिना, हेच सगळं त्याच्या डोळ्यांपुढे येत होतं. जितक्या भिंती त्याने मधे घातल्या होत्या, तितकं त्या दोघांचं बरं चाललं होतं.

शनिवारी दुपारी मठातून फोन आला. मदरचा आवाज खाली गेला होता.

"तुमच्या आईबद्दल बोलायचं होतं. आणि तुमच्या मामांबद्दल."

"कुठले मामा?" लोरिस म्हणाला, आणि मग त्याला आठवलं. "हां. मामा."

मदरना कसं सांगावं कळत नव्हतं. सायकलवर भावाच्या पाठीवर डोकं टेकून बसणं एक वेळ समजता आलं असतं. पण आज बागेत, अंजिराच्या झाडाखाली, सिस्टर पिया कपडे वाळत घालत असताना मामांनी बहिणीचं चुंबन घेतलं. गालाचं नव्हे. सिस्टर पियाच्या हातून ओली चादर मातीत पडली आणि त्या तेव्हापासून चॅपेलमध्येच आहेत. त्या दोघांना विचारायची मठात कुणाचीच हिंमत होत नव्हती. तेव्हा घरच्या माणसाने उद्या यावं आणि काय ते सांगावं, नाहीतर मदरना बिशपसाहेबांच्या कानावर घालावं लागेल.

रविवारी सकाळी लोरिस गाडी काढू लागला तर दोनाता कपडे करून आधीच पुढच्या सीटवर बसली होती. रात्री त्याने सगळं कबूल केलं होतं, तरी अख्ख्या रस्त्यात ती फक्त एकदाच बोलली. "आजी सुटली बिचारी, वेळेवर गेली."

मदर लहानखुऱ्या होत्या आणि त्यांची नजर समोरच्यावरून हलत नसे. लोरिसपुढे दोन वाटा होत्या. आपण खोटं बोललो हे कबूल करायचं, नाहीतर आईची पापिणींत गणना होऊ द्यायची. त्याने खिशातला रुमाल काढला, परत ठेवला आणि म्हणाला, "मदर, ते मामा नाहीत."

"मग कोण आहेत?"

आठवडाभर जो शब्द त्याला मनातही सहन होत नव्हता, तो आता तोंडाने उच्चारायची वेळ आली होती. "आईचे होणारे यजमान," तो म्हणाला. त्याला खरं तर एवढं मोठं काही म्हणायचं नव्हतं, पण मठात याहून लहान शब्द चालण्यासारखा नव्हता.

"मग भाऊ का सांगितलंत?"

उत्तर दोनाताने दिलं. "जळतो तो, मदर. आईवरून. वय बावन्न."

मदरनी लोरिसकडे बराच वेळ पाहिलं. ओठ घट्ट मिटूनही त्यांचे खांदे हलत होते. मत्सर हे मोठं पाप आहे, त्या म्हणाल्या, आणि याचं प्रायश्चित्त म्हणजे आज इथे जेवायचं, आणि तेही त्या गृहस्थांच्या शेजारी बसून.

जेवणघरात लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना नन्स बसल्या होत्या. सिस्टर पियाला बातमी कळली होती, त्यामुळे त्यांना पुन्हा भूक लागली होती. नोर्माबाई मुलाला बघून चकित झाल्या, आणि मदरनी अभिनंदन केल्यावर त्याहून चकित झाल्या.

"लग्न? कुणी ठरवलं?"

"तुमच्या मुलाने," मदर म्हणाल्या.

नोर्माबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी लोरिसच्या गालाला हात लावला. "मी दोन वर्षं घाबरत होते तुला सांगायला," त्या म्हणाल्या. लोरिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ओरेस्तेची खुर्ची मात्र रिकामी होती. तो आला तो स्वयंपाकघराच्या दारातून, एप्रन बांधून, हातात वाफाळतं मोठं पातेलं घेऊन. रविवारी सकाळी रिकामं बसवत नाही म्हणून त्याने मठाच्या स्वयंपाकाचा ताबा घेतला होता, असं कळलं. त्याच्या भुवईला पांढरं लागलं होतं. त्याने सगळ्यांना वाढलं, शेवटी लोरिसच्या ताटलीशी आला, आणि लोरिसकडे न बघता पातेल्यातून एक रुंद पट्टी शोधून त्याला वाढली.

लोरिसने प्रायश्चित्त म्हणून पहिला घास घेतला. त्याचे डोळे आपोआप मिटले. जायफळ.

त्याने डोळे उघडले. "आई, हे तू केलंस."

"मी कुठून करू? मनगट बघ." नोर्माबाईंनी उजवा हात पुढे केला. तो अर्धाच वळत होता. "गेल्या वर्षी हिवाळ्यात बर्फावरून पडले, तेव्हापासून लाटणं धरवत नाही. दर रविवारी कॉफीचं भांडं तूच उघडून देतोस की. ओरेस्ते सकाळी येतो, लाटून, कापून देतो, आणि तू यायच्या आत निघून जातो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"पहिल्याच रविवारी तू डोळे मिटून म्हणालास, 'आईचा हात.' त्यानंतर कसं सांगू?"

लोरिस दोनाताकडे वळला. ती शांतपणे जेवत होती. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं, आणि दर रविवारी गप्प बसण्याचं मोल ती आज वसूल करत होती. लोरिसने आईच्या त्या मनगटावर हात ठेवला. मग ताटली संपवली, पावाने पुसून घेतली आणि ओरेस्तेपुढे धरली. ओरेस्तेने ती पुन्हा भरून दिली.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मदरही दुसऱ्यांदा वाढून घेत होत्या.

"ओरेस्ते, आणखी एक आठवडा राहा ना तुम्ही दोघं," त्या म्हणाल्या. "आता ती जोडप्याची खोलीही देता येईल, लग्न ठरलंच आहे. पुढचा रविवार झाला की जा."

सिस्टर पियाने जोरात मान हलवली. नोर्माबाई लाजल्या आणि आपली काही हरकत नाही म्हणाल्या. लोरिसच्या पोटात पुन्हा तेच ओळखीचं दुखणं उठलं, आणि तो काटा खाली ठेवून उभा राहिला.

"आईला राहायचं असेल तर ती राहू दे, मदर," तो म्हणाला. "कितीही दिवस राहू दे. पण ओरेस्तेंना मी आजच घेऊन जातो."

आणि कुणी काही म्हणायच्या आत तो बॅग आणायला पुरुषांच्या मजल्याकडे निघाला.