एंड्रिनचा ताबा

शेलूबाजारात उदयसिंगच्या दुकानात पाय ठेवताच देवमनचं डोकं फिरलं. गुळाच्या भेलींवर एंड्रिनचे, म्हणजे जहरी फवारणीच्या औषधाचे, डबे रचलेले! कीटकनाशक निरीक्षक म्हणून त्याची ही पहिलीच तपासणी. तक्रार गोजराबाईची होती. उदयसिंगनं रिकामे डबे नाल्यात धुतले आणि ते पाणी पिऊन तिच्या दोन शेळ्या मेल्या.

"शेळ्या काय, उन्हानंबी मरतात," उदयसिंग म्हणाला.

"मंग पी ना तू त्या नाल्याचं पानी! मी गिलास आनतो!" दारातून गोजराबाई कडाडली.

देवमननं पंचनामा करून एकोणीस डबे जप्त केले. पण ठेवायचे कुठं? एस.टी.चा कंडक्टर ओरडला, "मानसाच्या गाडीत जहर? उतरवा खाली!" ठाणेदारानं नाकाला रुमाल लावला, "इथं कैदी जेवतात, साहेब." शेवटी गोजराबाईनंच बैलगाडी जुंपली आणि वाशीमपर्यंत सगळ्या सरकारला शिव्या घातल्या.

कार्यालयाचा गोदामपाल रामकिसन दारात आडवा झाला. "आत बियाणं हाय. त्याच्याजवळ जहर ठेवलं, तर उद्या तुमीच मले नोटीस द्यान."

तो बरोबर बोलत होता, म्हणून तर देवमनला जास्तच संताप आला. त्यानं डबे आपल्याच टेबलाखाली आदळले.

उदयसिंगवरच्या खटल्याच्या परवानगीचा कागद अकोल्याला मोठ्या साहेबांच्या टेबलावर अडकला होता. गोजराबाई वाशीमला लेकीकडं मुक्काम ठोकून होती. रोज येऊन विचारी, "खटला कवा लागते, भाऊ?" पंधराव्या दिवशी ते साहेबच जीपनं आले. वासानं खोकत ते टेबलाखाली वाकले.

"फायलींखाली एंड्रिन? करा पंचनामा!"

"कोनावर, साहेब?"

"ज्यानं ठेवलं त्याच्यावर!"

दात-ओठ खात देवमननं दोषी म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. जप्ती करणारा अधिकारी म्हणून साहेबांनी तणतणत सही ठोकली. सही होताच देवमन डबे उचलून जीपमध्ये रचू लागला.

"अरे, हे काय चालवलंय?"

"जप्तीचा माल, साहेब. ताबा जप्ती करनाऱ्याकडं राह्यते. नियम हाय."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. पण पंचनाम्याखाली त्यांच्याच सहीची शाई अजून ओली होती. गोजराबाईनं अदबीनं जीपचं दार धरलं.

"पाय वर घेऊन बसा, साहेब. एक डबा गळून राह्यला."

तिसऱ्याच दिवशी खटल्याची परवानगी आली. कागदाला एंड्रिनचा वास येत होता.