निरालीला शांत ठेवण्याबाबतचा ठराव

मूल होणे ही नवरा-बायकोची खाजगी बाब आहे, असा एक गैरसमज अलीकडे सुशिक्षित वर्गात पसरू लागला आहे. राजकोटमधली आमची सोसायटी त्यापासून अद्याप मुक्त आहे. आमच्याकडे मूल दोघांना होतं, पण वाट अठ्ठेचाळीस फ्लॅट पाहतात. लग्नानंतर पहिले सहा महिने आम्ही काही बोलत नाही (एवढी सभ्यता आमच्यात आहे). सातव्या महिन्यापासून विचारपूस सुरू होते आणि तिच्यासाठी नातं, ओळख किंवा निमित्त यांतलं काहीही लागत नाही.

मी या सोसायटीचा अकरा वर्षं मानद चिटणीस आहे. मानद म्हणजे पाणी गेलं की ज्याला हाक मारतात तो. त्यामुळे खाली दिलेली माहिती माझ्या नोंदवहीतून घेतलेली आहे, फाटकाजवळच्या ओट्यावरच्या गप्पांतून नव्हे. ओट्यावरून घेतली असती तर ती जास्त सविस्तर झाली असती.

तिसऱ्या मजल्यावरच्या मौलिक आणि निराली रूपारेलिया यांच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. मौलिकचं खोट्या दागिन्यांचं दुकान आहे. निराली सकाळच्या शाळेत गणित शिकवते. तिला मूल हवं होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या साऱ्या कामकाजात ही गोष्ट तिला कुणी विचारल्याची नोंद सापडत नाही.

शाळेतून परतताना फाटकापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत तिला किती जण विचारतात, हे मी एकदा मोजलं. 'काही नवीन?' चार वेळा. 'गोड बातमी कधी?' तीन वेळा. 'आमच्या जेतपूरच्या वैद्यांना एकदा दाखव' दोन वेळा. नुसतं पोटाकडे बघून सुस्कारा, दोन. एकूण अकरा. लिफ्ट बंद असली की पंधरा.

शेवटी दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेली. सोबत मौलिकची आई मंजुळाबेन होत्या, कारण आमच्याकडे असल्या नाजूक कामाला जोडप्याला एकटं पाठवत नाहीत. बाईंनी कागद पाहिले आणि म्हणाल्या, "तपासण्या दोघांच्याही ठीक आहेत. नुसत्या ताणामुळेच दिवस राहत नाहीत, असं मी म्हणणार नाही. पण ताणानं झोप उडते, पाळी मागंपुढं होते, माणसं एकमेकांशी धड बोलेनाशी होतात. रोज थोडा वेळ श्वासाकडे लक्ष द्या, योगासनं करा, चाला, दोघं निवांत बसा. फायदा झाला तर उत्तम, तोटा तर काही नाही. आणि मुख्य म्हणजे लोकांना जरा लांब ठेवा."

शेवटचं वाक्य मंजुळाबेनना ऐकू आलं नाही. तोवर त्या ओट्यावरच्या बायकांना फोन लावत होत्या.

त्याच रविवारी गाठिया-जिलेबी आटोपल्यावर सोसायटीची तातडीची सभा भरली. अध्यक्षस्थानी धनसुखभाई कोटेचा होते. धनसुखभाई वजनमापं खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले असल्यामुळे मोजता येत नाही अशा कोणत्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास नाही. "ताण ही एका घराची बाब नाही," ते म्हणाले. "पाण्याची टाकी एक, गच्ची एक, मग शांतता वेगवेगळी कशी चालेल?" यावर टाळ्या पडल्या. पुढील ठराव एकमताने मंजूर झाला (निराली गैरहजर, वह्या तपासत होती):

एक, यापुढे निरालीला 'काही नवीन?' असं कुणीही विचारू नये. दोन, त्याऐवजी 'शांत आहेस ना?' असं विचारावं. तीन, तिने लगेच 'हो' म्हटलं नाही तर समितीला कळवावं.

पहिल्याच आठवड्यात अकराचा आकडा चौतीसवर गेला. याचं कारण सरळ आहे. आधी पुरुषमंडळी असला प्रश्न विचारायला संकोचत. आता विषय शांततेचा असल्यामुळे सगळ्यांना मोकळेपणाने विचारता येऊ लागलं. दूधवालासुद्धा विचारू लागला.

मग कार्यक्रम आखला गेला. सकाळी सहाला हास्यवर्ग. (निराली हसते की नाही हे पाहायला बावीस जण हजर.) संध्याकाळी चालणं, एकटीला विचार येऊ नयेत म्हणून दोन्ही बाजूंना दोन-दोन बायका. प्राणायामाला खुद्द धनसुखभाई घड्याळ घेऊन उभे राहत. "आत घे बेटा... आत... अजून आत... अरे, पुरे झाला म्हणू नकोस, मागच्या गुरुवारी तू एकोणीस सेकंद घेतला होतास!" लिफ्टजवळ फलक लागला. शांत दिवसाला हिरवी टिकली, अशांत दिवसाला लाल. टिकल्या मौलिकच्याच दुकानातून घाऊक आणल्या होत्या.

राहिलं ध्यान. त्याला वेळ सापडेना. अखेर समितीने तो घेतला दुपारी दीड ते साडेतीन, आणि हा त्याग राजकोटबाहेरच्या माणसाला कळायचा नाही. आमच्याकडे एक ते चार या वेळात कुणी कुणाची बेल वाजवत नाही. दुकानं बंद, फोन बंद, ताक पिऊन सगळं गाव आडवं. मयताची बातमीसुद्धा लोक चारनंतर कळवतात. मौलिकही रोज एकला दुकानाचं शटर ओढून घरी येई, निराली शाळेतून आलेली असे, मंजुळाबेन आपल्या खोलीत घोरत आणि ही दोघं आपलं दार लावून घेत. आत काय चालत असे याची नोंद नाही. शेजारच्या फ्लॅटमधून फक्त एवढंच कळलं की अधूनमधून हसण्याचा आवाज येई. दिवसाच्या चोवीस तासांत त्यांना कुणी काही न विचारणारे तेवढेच तीन तास होते.

त्यांतले मधले दोन आम्ही ध्यानाला घेतले.

सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंज्या घातल्या. मर्यादा म्हणून पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे. जोडप्याला एकटं वाटू नये म्हणून वीस सभासद रोज सोबतीला बसत. त्यांतले साधारण सतरा पहिल्या दहा मिनिटांत बसल्या बसल्या घोरू लागत, उरलेले तिघे त्यांना कोपराने ढोसत. बसून घेतलेली झोप अंगी लागत नाही. महिन्याभरात धनसुखभाईंच्या रक्तदाबाची गोळी अर्ध्याची पूर्ण झाली, पाण्याच्या मोटरवरून दोन मजल्यांचं बोलणं बंद झालं आणि मंजुळाबेननी लसणाच्या चटणीत मिठाऐवजी दळलेली साखर घातली. फलकावर मात्र निरालीच्या सलग एकोणतीस हिरव्या टिकल्या होत्या.

तिसाव्या दिवशी ती हास्यवर्गाला खाली आली नाही.

काय झालं ते मंजुळाबेननी ओट्यावर सांगितलं आणि आठपर्यंत अठ्ठेचाळीस फ्लॅटना कळलं की या महिन्यातही नाही. मग सगळे सांत्वनाला गेले. रांग दुसऱ्या मजल्यापर्यंत आली होती. "शांत हो बेटा" हे वाक्य त्या सकाळी एक्केचाळीस वेळा उच्चारलं गेलं. निराली शाळेत गेली नाही. दारात उभी राहून प्रत्येकाला "हो काका, हो मासी" म्हणत होती आणि तिचे डोळे सुजलेले होते.

दुपारी दीडला मात्र ती हॉलमध्ये आली. हातात रीतसर अर्ज होता. तो धनसुखभाईंपुढे ठेवून म्हणाली, "काका, आमची दुपार परत द्या."

धनसुखभाई थक्क झाले. "अगं, तुझ्यासाठी आम्ही झोप सोडली आणि तू..."

"मग झोपा ना काका! मी कुठं म्हटलं जागा म्हणून? तुम्ही सगळे झोपता ना, तेव्हाच मी शांत असते."

डाव्या बाजूने मौलिक उठला. हा मुलगा सहसा बोलत नाही. "आणि काका, महिना झाला, मी बायकोपासून अठरा फुटांवर बसून बाप व्हायचा प्रयत्न करतोय."

हॉलमधले सतराच्या सतरा जागे झाले.

"शी! मोठ्यांच्यात काय बोलतोस?" मंजुळाबेन ओरडल्या.

"मम्मी, मला हवंय हो बाळ," निराली म्हणाली. "तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त हवंय. पण दिवसभर अख्ख्या सोसायटीला उत्तरं देऊन माझ्यात याच्याशी दोन शब्द बोलायचाही जीव उरत नाही. आज सकाळी मला फक्त रडायचं होतं. तेही एकटीला मिळालं नाही."

इतिवृत्त मी लिहीत होतो. हात थांबला. फाटकापासून तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या त्या अकरा प्रश्नांतले दोन माझे होते. ही नोंद मी तेव्हा केली नव्हती, आता करतो. मला फार वाईट वाटलं.

समितीने अर्ज सहानुभूतीपूर्वक स्वीकारून तीन जणांच्या उपसमितीकडे सोपवला. उपसमितीला अहवालासाठी तीन महिने देण्यात आले.

निराली थांबली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेतून डबा घेऊन परस्पर मौलिकच्या दुकानात जाऊ लागली. एकला शटर खाली, चारला वर. राजकोटात दुपारी खाली ओढलेल्या शटरकडे कुणी वळूनही पाहत नाही. हॉलमध्ये दोघांची गैरहजेरी लागली, तेव्हा धनसुखभाई मला बरोबर घेऊन त्यांना आणायला निघाले. रस्त्यावर कुत्रंही जागं नव्हतं. शटरपाशी त्यांनी हात उचलला आणि तो तसाच राहिला. सत्तर वर्षांत त्यांनी दुपारी दीडला कुणाचं शटर वाजवलं नव्हतं. आतून हसण्याचा आवाज आला. धनसुखभाईंनी हात खाली घेतला, मला म्हणाले, "मोजायची गरज नाही," आणि घरी जाऊन चारपर्यंत झोपले.

त्यांच्यामागोमाग सोसायटीही झोपली. मोटरचं भांडण मिटलं, गोळी पुन्हा अर्धी झाली, चटणी खारट झाली. उपसमितीने अहवाल दिला की योजना यशस्वी ठरली असून सोसायटीचा ताण सत्तर टक्क्यांनी घटला आहे.

याला आता वर्ष होत आलं. फलक उतरवला आहे. निरालीच्या मागणीवरून मी एक नवी नोंदवही सुरू केली आहे, तिच्यात विचारणाऱ्यांची नावं लिहितो. नियम एकच: रूपारेलियांकडे काही गोड बातमी आहे का, असं जो विचारेल त्याने त्या दिवशी दुपारी हॉलमध्ये जागं बसायचं. सोसायटीत गेले चार महिने कुणी विचारलेलं नाही.

पुढे काय झालं, हे चिटणीस या नात्याने मला ठाऊक आहे. आणि एवढं सगळं वाचूनही तुमच्या ओठांवर आत्ता जो प्रश्न आला आहे, तो मला इथपर्यंत ऐकू आला. नाव लिहून घेतलं आहे. सतरंजी घातलेली आहे, दीडला या.