किनवा धुवायचा नसतो

"धुवायचा नसतो तो," फिजिओथेरपिस्ट स्वयंपाकघरातून ओरडला. "धुतला की सत्त्व जातं."

बायकोनं फक्त विचारलं होतं, किनवा धुतलास का. ती कामावर निघायच्या गडबडीत होती, म्हणून तिनं वाद घातला नाही. सत्त्वाबद्दल त्याला काडीची माहिती नव्हती. धुवायचं राहून गेलं होतं आणि सॅलडसाठीचा किनवा, ते राजगिऱ्यासारखं परदेशी धान्य, आता उकळायला लागला होता, एवढंच. त्यात त्यानं अख्खं पाकीट ओतलेलं. दाणे फुगत फुगत पातेल्याच्या काठावर आले, मग दुसऱ्या पातेल्यात गेले, मग कुकरमध्ये, आणि शेवटी पाहुण्यांसाठी जपून ठेवलेल्या काचेच्या भांड्यातही जाऊन बसले.

"चाखून तरी बघ," चपला घालता घालता बायको म्हणाली.

"सगळं एकत्र केल्यावर चाखतो."

काकडी, टोमॅटो, मक्याचे दाणे, पुदिना, लिंबू, सगळं एकत्र झालं. चाखायचं मात्र राहिलंच.

क्लिनिकमध्ये त्या दिवशी 'उन्हाळ्यातला हलका आहार' असा कार्यक्रम होता. मुख्य डॉक्टरबाईंनी तो विश्वासानं त्याच्यावर सोपवला होता. नीट पार पडला तर नवी शाखा त्याच्याकडे द्यायचा विचार त्यांनी बोलूनही दाखवला होता. व्यायामाच्या खोलीत गाद्या बाजूला सारून खुर्च्या मांडल्या होत्या आणि रुग्ण हातात वाट्या घेऊन बसले होते. तिथे रुग्णांना नावानं कुणी ओळखत नसे, सांध्यांवरून ओळखत. पुढे गुडघेवाल्या आजी, त्यांच्या शेजारी खांदेवाले काका, आणि कंबरवाल्या बाई भिंतीला टेकून उभ्या, कारण बसायची त्यांना मनाई होती.

त्यानं छान भाषण केलं. सगळ्यांनी पहिला घास घेतला आणि एकमेकांच्या वाट्यांत डोकावून पाहिलं.

"डॉक्टर," आजी हळूच म्हणाल्या, "हे जरा कडू आहे का हो?"

त्यानं चमचाभर तोंडात घातलं. तोंडात साबणाची वडी विरघळावी तशी चव पसरली. थुंकायला जागा शोधावी म्हणून मान वळवली, तर दारात डॉक्टरबाई.

"कडूच असतं," तो गिळून म्हणाला. "त्या कडवटपणानंच तर सांध्यांची सूज उतरते. म्हणून धुवायचं नाही."

आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच मागाहून ऐकू आलं. पण तोवर खांदेवाले काका वाटी पुढे करून म्हणत होते, "मग वाढा की अजून!" काकांचा सगळा जन्म गोड खाण्यात गेला होता, प्रायश्चित्ताची अशी संधी त्यांना कुणी दिली नव्हती. डॉक्टरबाईंनीही दोन घास खाल्ले. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"उत्तम," त्या म्हणाल्या. "कृती लिहून भिंतीवर लावा."

त्यानं ती स्वतःच्या हातानं लिहिली आणि 'धुऊ नये' खाली रेघसुद्धा मारली.

पुढच्या आठवड्यात क्लिनिकमध्ये दुसरा विषय नव्हता. काकांचा हात कानापर्यंत जायला लागला. आजी जिना चढून आल्या. मन लावून केलेल्या व्यायामाचं हे फळ होतं, पण श्रेय सगळं किनव्याला. कंबरवाल्या बाईंनी तर शेजारच्या तीन घरांना तो कडू खायला लावला होता. "परवा सुनेनं धुऊन केला," आजी सगळ्यांना सांगत होत्या. "चांगला लागायला लागला, म्हणून मी ओतून दिला!"

दुसऱ्या दिवशी सूनच आली, बँकेतून थेट. हातात किनव्याचं पाकीट होतं.

"डॉक्टर, यावर छापलंय, फेस जाईपर्यंत धुवा. आई म्हणतात, डॉक्टरांनी नको सांगितलंय. घरात रोज यावरून वाजतंय. तुम्हीच सांगा, खरं काय?"

सगळी खोली ऐकत होती. डॉक्टरबाईही फाईल मिटून थांबल्या.

"म्हणजे... दोन्ही पद्धती आहेत," तो म्हणाला. "पण सांध्यांसाठी... न धुतलेलाच."

"ऐकलंस?" आजी म्हणाल्या.

सुनेनं पाकीट पिशवीत टाकलं, "बरं," म्हणाली आणि निघून गेली. ती भांडली असती तर त्याला जरा बरं वाटलं असतं.

संध्याकाळी त्यानं हे बायकोला सांगितलं. ती पोट धरून हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही.

"चारचौघांत त्या मुलीला खोटं पाडलंस? खरं बोलत असताना?"



सकाळी सगळे जमल्यावर त्यानं भिंतीवरचा कागद ओढून काढला. "किनवा धुवायचाच असतो," तो म्हणाला. "मी धुतला नव्हता. औषधबिषध काही नाही, कडू झाला होता आणि मला कबूल करायची लाज वाटली." डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि नव्या शाखेबद्दल त्या पुन्हा कधीच बोलल्या नाहीत.

"म्हणजे मी आठवडाभर उगाच खाल्ला?" काका म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता.

आजींनी त्याला पट्ट्यांच्या कपाटामागे ओढलं. "सुनेला यातलं काही कळता कामा नये! कळलं तर ती मला धुऊन काढेल. मी खाईन तसाच कडू. इतके दिवस खाल्ला, अजून खाईन."

पण माफी मागितल्याशिवाय त्याला चैन पडेना. आजींना न्यायला सून गाडी घेऊन आली, तसा तो खाली धावला आणि एका दमात सगळं बोलून गेला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "काल रात्री मी धुऊनच शिजवला. फक्त काकड्यांची कडू टोकं शोधून किसून घातली, म्हणून आईंना शंका आली नाही. तुम्ही सांगू नका त्यांना, उगाच ओशाळतील." मग गाडीचं दार उघडत शांतपणे म्हणाली, "काल बोलला असतात, तर बरं झालं असतं."

तेवढ्यात आजी आल्या आणि गाडीत बसल्या.

"आई, आज सॅलड करू ना?" सुनेनं विचारलं.

आजींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि झटकन नजर समोरच्या काचेवर नेली.

"कर की," त्या म्हणाल्या. "आणि चांगलं कडू कर."