भोंगेकाकांच्या छातीतलं गुपित

खट्.

रविवार दुपारच्या शांततेत तेवढाच आवाज झाला आणि डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं, की आपण कचऱ्याचा डबा घेऊन दाराबाहेर उभ्या आहोत, दार पाठीमागे मिटलं आहे आणि आत बटण झोपली आहे. बटण म्हणजे त्यांची लेक. दिसेल ते बटण दाबल्याशिवाय ती पुढे सरकत नसे, म्हणून हे नाव. दारावर उंच बसवलेल्या कुलपापर्यंत मात्र तिचा हात अजून पोचत नव्हता. नवरा कामासाठी परगावी. दुसरी किल्ली खालच्या मजल्यावर, भोंगेकाकांकडे.

"आणि उद्याच त्यांची तपासणी!" डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला.

भोंगेकाकांचा जन्म बसस्थानकावर भोंग्यातून गाड्या पुकारण्यात गेला होता. निवृत्त झाल्यावर भोंगा सुटला, आवाज तसाच राहिला. पोटात काही ठेवायची त्यांना सवयच नव्हती. काकूंची कवळी, जावयाची नोकरी, तळमजल्यावरच्यांचं भांडण, सगळं जिन्यात जाहीर व्हायचं. मागच्या वर्षी हेच काका जिन्यात छाती धरून मटकन बसले. डॉक्टरीणबाईंनीच त्यांना आपल्या इस्पितळात नेलं. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत अडथळा निघाला आणि काका तिथल्या संशोधनात सामील झाले.

संशोधन साधंच होतं. अशा रुग्णांपैकी निम्म्यांना गोळ्यांसोबत स्टेंटही बसवायचा, म्हणजे वाहिनी उघडी धरून ठेवणारी जाळीची बारीक नळी. निम्म्यांना नुसत्या गोळ्या द्यायच्या. आधी एकदा आणि मग वर्षानं सगळ्यांना ट्रेडमिलवर चालवायचं आणि कोण किती दमतं ते पाहायचं. चालवण्याचं काम डॉक्टरीणबाईंचं. मात्र कुणाला काय मिळालं हे चालवणाऱ्याला कळता कामा नये. कळलं की नजर आपोआप एका बाजूला झुकते.

"सर, हे माझे शेजारी आहेत," त्यांनी मोठ्या डॉक्टरांना सांगून पाहिलं होतं.

"नातेवाईक आहेत का?"

"नाही."

"मग अडचण काय?" मोठे डॉक्टर बंगल्यात राहत. शेजारी म्हणजे काय, याची त्यांना कल्पना नव्हती.

तेव्हापासून डॉक्टरीणबाई काकांच्या दारावरून चोरासारख्या जात. शाळेतून आलेली बटण संध्याकाळपर्यंत काकूंकडेच असे, पण तिलाही त्या जिन्यातूनच हाक मारून बोलावत. कारण आधीच दोन रुग्णांच्या बायकांनी त्यांना सगळं सांगून टाकलं होतं आणि ते दोघंही मोजणीतून बाद झाले होते. "तिसरा गेला," मोठे डॉक्टर म्हणाले होते, "तर तुमची रवानगी रात्रपाळीला." रात्रपाळी म्हणजे बटणला रोज दुसऱ्याच कुणाच्या तरी कुशीत झोपवायचं.

काकांच्या दारासमोर त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या.

"काका, फक्त किल्ली द्या. दुसरं काही बोलू नका."

"अगं पण डॉक्टरीण—"

"काही नाही!"

"बरं. पण किल्ली यांच्या औषधांच्या डब्यात आहे," आतून काकू म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी झटकन भिंतीकडे तोंड केलं. गोळ्यांची नावं दिसली तरी त्यांनी अर्धं ओळखलं असतं. त्यांना मदत म्हणून काकांनी डबा घाईघाईनं उचलला, आणि तो हातातून निसटला. गोळ्यांची पाकिटं सर्रकन घरभर पसरली.

"हलू नकोस! तुझ्या पायाशी आलीत!" काका ओरडले.

"कुठली?" डॉक्टरीणबाई बोलून गेल्या आणि जीभ चावली. "नाही, नको, सांगू नका!"

"तुम्ही दोघं मला वेड लावणार आहात," गुडघ्यांवर रांगत पाकिटं गोळा करणाऱ्या काकू म्हणाल्या. "वर्षभर हा माणूस तुझ्या पावलांचा आवाज आला की तोंडात रुमाल कोंबतो."

किल्ली सापडली. पण दाराला लावली तर आतच जाईना. डॉक्टरीणबाईंची स्वतःची किल्ली आतल्या बाजूनं कुलपातच राहिली होती. काकूंनी खालून चावीवाल्याला फोन केला.

"मी येतो वर, एकटी काय उभी राहतेस," काकांचा आवाज जिन्यात घुमला.

"येऊ नका! तुम्ही जिना कसा चढता ते मला बघायचं नाहीये!"

"मग बघू नकोस की!" काका निघालेसुद्धा. त्यांना धाप लागते की नाही हे ऐकू येऊ नये म्हणून डॉक्टरीणबाई दाराकडे तोंड करून मोठमोठ्यानं पाढे म्हणू लागल्या.

"आई," दारापलीकडून झोपाळू आवाज आला, "तू बाहेर उभी राहून पाढे का म्हणतेस?"

"उठलीस का गं सोन्या? काही नाही, दार बिघडलंय. घाबरू नको हं."

"मी नाही घाबरले. सतराचा चुकला तुझा."

इतक्यात चावीवाला आला. जाडजूड माणूस, हातात हत्यारांची पिशवी. वर पोचताच त्यानं छातीवर हात ठेवला.

"जरा दम खातो हं बाई. मला दोन स्प्रिंगा बसवल्यात." मग त्याचं काकांकडे लक्ष गेलं. काकांचाही हात सवयीनं छातीवरच होता. समदुःखी भेटल्याच्या आनंदानं त्याचा चेहरा खुलला. "तुमचंपण तेच का, काका? बसवली की गोळ्यांवरच भागवलं?"

काकांचं तोंड उघडलं. वर्षभर ज्या प्रश्नाची वाट पाहिली, तो अखेर कुणीतरी विचारला होता.

"गप्प!" डॉक्टरीणबाई किंचाळल्या आणि त्यांनी कान घट्ट दाबून धरले. कचऱ्याचा डबा गडगडत दोन मजले खाली गेला.

काका लालबुंद झाले. ओठ मिटून त्यांनी तो शब्द गिळला, पण तो काही खाली उतरेना. शेवटी त्यांनी चावीवाल्याचं डोकं ओढून त्याच्या कानात काहीतरी सांगितलं.

"अरे वा!" चावीवाल्याचे डोळे मोठे झाले.

कान दाबलेले असले तरी डोळे उघडे होते. त्या 'अरे वा'चा अर्थ काय लावायचा? काहीच लावायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी निक्षून ठरवलं आणि पाढे पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.

दार उघडलं. बटण बाहेर झेपावली आणि आईच्या कमरेला चिकटली. चावीवाला कौतुकानं म्हणू लागला, "खरं सांगू बाई, या वयात काकांना—" आणि दार त्याच्या नाकावर आपटलं. लगेच बेल वाजली. दार उघडताना उंबऱ्याआत ठेवलेली त्याची पिशवी आतच राहिली होती. डॉक्टरीणबाईंनी फटीतून आधी पिशवी आणि मग मजुरी बाहेर सरकवली.

"बाई हुशार आहेत," चावीवाला जिना उतरताना काकांना म्हणाला, "पण डोक्यावर थोडा परिणाम झालेला दिसतो."

सोमवारी काका तोंडाला रुमाल बांधून ट्रेडमिलवर चढले. वर्षापूर्वी पहिल्याच चढावर थांबलेला माणूस आज चालतच राहिला. यंत्र थांबवलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंना रडू येईलसं वाटलं. पण रडणंही एका बाजूला झुकणंच झालं असतं, म्हणून त्यांनी नाक शिंकरलं. दिसलं तेवढंच लिहिलं, सही केली, कागद मोठ्या डॉक्टरांच्या हवाली केला. काकांची मोजणी संपली. रात्रपाळी टळली.

"आता तुम्हाला कळलं तरी चालेल," मोठे डॉक्टर म्हणाले.

त्या संध्याकाळी कितीतरी महिन्यांनी त्या काकांच्या उंबऱ्याच्या आत गेल्या. बटण आधीच तिथे काकांच्या मांडीवर बसलेली. खुर्ची ओढून बसत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हं काका, सांगा. स्टेंट की गोळ्या?"

काकांनी चहाचा घोट घेतला. खिडकीबाहेर पाहिलं.

"नाही सांगणार."

"काय?"

"अगं, जन्मभर गाड्या पुकारल्या. गाडी सांगितली की लोक उठून चालू पडायचे. पुकारणाऱ्याकडे कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. आणि तू? वर्षभर नुसतं माझं तोंड उघडलं तरी जीव मुठीत धरून पळायचीस! सांगून टाकलं की उरलं काय?"

"काकू, तुम्ही तरी सांगा!"

"मी कशाला सांगू बाई?" काकूंनी कप उचलला. "गुपित आहे म्हणून हा माणूस दिवसातून तासभर तरी गप्प असतो."

डॉक्टरीणबाई हात हलवत निघाल्या. जिन्यात हसू आवरेना. बटण बोट धरून एकेक पायरी चढत होती. मधेच थांबली. काका पूर्वी जिथं छाती धरून बसले होते, ती हीच पायरी.

"आई, काकाआजोबा आता इथं बसत नाहीत."

"नाही ना. बरे झाले ते."

"कशानं?"

"ते नाही सांगत ना ते आपल्याला."

बटणनं मान हलवली. तेवढ्यानं तिचं भागलं नव्हतं.

"पण त्यांनी सांगितलं ना, तरी ते त्याच्यानंच बरे झाले, हे तुला कसं कळणार?"