आठवी ‘ब’च्या टाळ्या

“गाणारी बारा मुलं घ्या आणि बाकीच्यांना खाली बसवा,” मुख्याध्यापक रंगनाथ सर म्हणाले. “स्नेहसंमेलन आहे मॅडम, जनगणना नाही.”

“वर्ग चोपन्न मुलांचा आहे सर. मंचावर चढतील तर चोपन्न,” योगिनी मॅडम म्हणाल्या.

गंगापूर रोडवरच्या त्या शाळेत संगीत शिकवायला लागून त्यांना सहाच महिने झाले होते. आठवी ‘ब’मधली बारा मुलं सुरात गात. उरलेल्यांचे सूर चारी दिशांना पांगत. सायखेड्याहून एसटीनं येणाऱ्या निकितानं तर पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, “मॅडम, मी गायले की आमची म्हस पान्हा चोरते.” पण तिची टाळी कधी चुकत नसे. म्हणून मॅडमनी बेचाळीस जणांची टाळ्यांची तुकडी केली, निकिताला पुढं उभं केलं आणि महिनाभर खुणा घोटून घेतल्या. उजवा हात वर गेला की टाळ्या सुरू. हात जोडले की दुप्पट लय, आणि तिच्यावर बारा जणांनी गोदावरीचं गाणं उचलायचं. मूठ मिटली की सगळं बंद.

“डोळे माझ्या हातावर. आभाळ कोसळलं तरी!”

स्नेहसंमेलनाच्या दिवशी चोपन्न मुलं मंचावर मागं तयार उभी होती आणि पुढं संस्थेचे नवे अध्यक्ष वेणीमाधवराव बोलत होते. वीस मिनिटं झाली. त्यांच्याबरोबर आलेले कार्यकर्तेही पेंगू लागले. मंचाखाली उभ्या असलेल्या मॅडमच्या कपाळावर केसांची बट आली, ती त्यांनी उजव्या हातानं मागं सारली.

बेचाळीस जणांच्या टाळ्या कडाडल्या.

वेणीमाधवराव तेव्हा नुकतंच “वेळेचं महत्त्व ओळखा” म्हणाले होते. ते थबकले, वळले, गहिवरले. मॅडमनी घाईनं मूठ मिटली. टाळ्या एका क्षणात थांबल्या.

“काय ही शिस्त!” वेणीमाधवराव म्हणाले. “माझं भाषण मी आटोपतं घेणार होतो, पण असे श्रोते मिळाल्यावर...”

आणखी पंधरा मिनिटं गेली. मॅडम हात पाठीमागं घट्ट धरून उभ्या होत्या. नाकावर माशी बसली तरी हलल्या नाहीत.

“या मुलांच्या शिक्षिका कोण? वर या!”

मॅडम वर गेल्या. अध्यक्षांनी एका हातात गुच्छ दिला, दुसऱ्यात नारळ. मॅडमनी रीतीप्रमाणे, गुच्छ-नारळासकट, नमस्कार केला.

टाळ्या दुप्पट लयीत सुरू झाल्या. मूठ मिटायची म्हटलं तर दोन्ही हात अडकलेले. “निकिता, थांब!” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, पण त्या गजरात ऐकणार कोण? तेवढ्यात बारा जणांनी गोदावरीचं गाणं उचललं. पालक टाळ्यांत सामील झाले. मंचावर खुर्चीत बसलेल्या रंगनाथ सरांनी डोक्याला हात लावला.

मॅडमनी एक श्वास घेतला. आता मागं फिरणं नाही. त्यांनी नारळ अध्यक्षांच्या हातात दिला, गुच्छ रंगनाथ सरांच्या मांडीवर टाकला आणि मोकळ्या हातांनी गाणं पुढं चालवलं. दुसऱ्या कडव्याला मात्र एक भलताच भसाडा सूर ऐकू येऊ लागला. त्यांनी सवयीनं निकिताकडं पाहिलं. तिचं तोंड बंद होतं.

माईकसमोर नारळ छातीशी धरून, डोळे मिटून, वेणीमाधवराव गात होते.

गाणं संपल्यावर रंगनाथ सर धावतच पुढं आले. “साहेब, माफ करा, तुमचं भाषण...”

“भाषण राहू द्या हो,” वेणीमाधवराव डोळे पुसत म्हणाले. “आमच्या वेळी मला कधी गाण्यात घेतलंच नाही. म्हणायचे, तू पडदा ओढ. मॅडम, तुमचा तास कधी असतो?”

रंगनाथ सर मान हलवून नको नको म्हणत होते. मॅडमनी तिकडं पाहिलंच नाही.

“मंगळवारी तिसरा. वेळेवर या. आणि पुढं बसा.”

मंगळवारी अध्यक्ष पहिल्या बाकावर, गुडघे आखडून, निकिताशेजारी बसले. तासभर त्यांची टाळी एक तर आधी पडली, नाही तर नंतर. शेवटी निकितानं त्यांचा हात हलकेच धरला.

“घाई नाय करायची, आजोबा. इथं कोणी खाली बसवत नाय.”