राव मामांची झडती

राव मामांच्या घरी भाड्याने राहायला गेलो, तेव्हा त्यांनी आधी माझे खिसे तपासले.

"लेसर पेन नाही ना, तंबी? सॉफ्टवेअरवाले तुम्ही, भिंतीवर टिंबं नाचवता."

मी नाशिकचा, नोकरी दूर दक्षिणेत, शोळिंगनल्लूरला. मामा तंजावरी मराठी, धाकट्यांना तमिळ वळणाने 'तंबी' म्हणणारे, जन्मभर चष्म्याच्या दुकानात भिंगं घासलेले. आता एकटेच. पोळिचलूरचं त्यांचं घर विमानतळाला इतकं लागून, की विमान उतरताना सांबाराची वाटी थरथरायची. त्या विमानांतल्या पायलटांचे डोळे सांभाळायचं खातं मामांनी स्वतःकडेच घेतलं होतं.

एकदा शेजारच्या लग्नात आकाशात लेसरचे हिरवे झोत सोडले. मामांनी थेट मांडवात घुसून प्लग उपटला. अंधारात नादस्वरमवालाही गप्प झाला. नवऱ्या मुलाच्या काकांनी बखोटीला धरून बाहेर काढलं, तरी मामा ओरडतच होते, "डोळा म्हणजे डोळा! स्पेअर मिळत नाही!"

मग त्यांनी हिरवा किरण अडवणारा चष्मा बनवला आणि विमानतळाबाहेर एका पायलटला गाठलं. त्याने तो घालून पाहिला आणि म्हणाला, "सर, यातून धावपट्टीचे हिरवे दिवेही दिसणार नाहीत." मामा आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. मी ऑफिसात हा किस्सा रंगवून सांगितला. हशा चांगला मिळाला.

मामांचा मुलगा श्रीधर पायलट होता. राहायचा याच शहरात, पण घरी फिरकत नसे. उतरताना कुणीतरी खालून लेसर मारला आणि त्याचा डोळा दुखावला, तेव्हापासून तो जमिनीवरच होता. एका रविवारी दुपारी नेहमीसारखा त्याचा फोन आला. मामांचे हात भिंगात गुंतलेले, म्हणून मी स्पीकर लावून दिला.

"अप्पा, डोळा बरा झाला. सोमवारपासून उडायचं."

"सेरि, सेरि. देव पावला."

"लेसरवाला मात्र सापडला नाही."

"सापडला तर सोडू नकोस त्याला," मामा म्हणाले.

फोन बंद झाल्यावर त्यांनी तेच भिंग पुन्हा पुसायला घेतलं.

"मीच तो, तंबी."

मी आधी फोन खरंच बंद झालाय का ते पाहिलं.

"दुकानात एक लेसर आला होता. संध्याकाळचं विमान श्रीधरच आणायचा, असं डोक्यावरून. दीड वर्ष घरी आला नव्हता. म्हटलं, गच्चीवरून उजेड दाखवू. कळेल त्याला, अप्पा उभा आहे."

"त्याला सांगितलंत?"

"कसं सांगू? या डोळ्यापायी दर रविवारी फोन करायला लागला." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "आता बरा झाला म्हणतो. पुढच्या रविवारी कशाला करेल?"